श्रीधर स्वामी आणि रानातली वाट

॥ श्रीराम समर्थ ॥



दत्तजयंती जवळ आली की आपल्या या पत्रात श्रीधर स्वामींच्या चरित्रातलं काहीतरी द्यायचं, असा शिरस्ता आहे. यंदा विषय वेगळा घेतलाय. गेल्या वर्षी गाणगापूरच्या पायी वारीत जे घडलं ते ज्यांना माहीत आहे त्यांना कारण लगेच कळेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पुढे सांगतोच. आधी स्वामींकडे जाऊ.

श्रीधर स्वामींचा जन्म ७ डिसेंबर १९०८ चा. मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंतीचाच दिवस. गाव लाड चिंचोळी, आळंद तालुका, जिल्हा कलबुर्गी. (आपल्यातले निम्मे अजून गुलबर्गाच म्हणतात, आम्हीसुद्धा.) दरवर्षी कुणीतरी विचारतं, की अभयारण्य आहे तीच चिंचोळी का? नाही. अभयारण्याची चिंचोळी वेगळी, ती त्याच जिल्ह्यात पण पूर्वेला, तेलंगणाच्या सीमेला लागून. तालुक्याचं गाव आहे ते. स्वामींची लाड चिंचोळी आपल्या बाजूची. गाडी करून निघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, मागे एक जीप भलतीकडं जाऊन संध्याकाळी परत आली होती!

घराणं मूळ देगलूरचं. वडील नारायणराव, आई कमलाबाई. आईवडिलांनी गाणगापूरला सेवा केली आणि दत्तकृपेने हा मुलगा झाला, अशी श्रद्धा चरित्रात सांगितली आहे. म्हणजे बघा, देगलूर, गाणगापूर, लाड चिंचोळी. आज या तीन गावांमध्ये दोन राज्यं आली, तेव्हा सगळा मुलूख निजामाचा होता. घरात मराठी आणि गल्लीत कानडी, कचेरीत उर्दू. आपल्या आज्या-पणज्यांचं जे होतं तेच.

आणि मुलूख कसा? झाडी कमी. काळी जमीन, ज्वारी, तूर, मध्येच लाल माळ. अशा माळावर वाघ नसतो, पण लांडगा असतो. तरस, कोल्हा, रानडुक्कर, काळवीट हे सगळं होतं आणि थोडं थोडं अजूनही आहे. धनगर-कुरुबांच्या कळपामागं लांडगा फिरतो हे आपल्याकडच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात आजही लांडगा टिकून आहे. चिंचोळीला २०११ साली सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य केलं तेव्हा तिथं लांडगा, तरस, कोल्हा हेच मुख्य प्राणी मोजले गेले. पण खरी भीती जनावराची नव्हेच. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि खाली घोणस निघाली, ही आपल्या भागातली भीती. स्वामी त्याच मातीतले. रानात राहायला गेले तेव्हा ते भित्र्या शहरातून गेले नव्हते, हे आम्हाला सांगायचंय.

बालपण थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. वडील फार लवकर गेले. पुढे कोवळ्या वयातच आईही गेली. शिक्षण हैदराबाद, गुलबर्गा आणि मग पुणे. पुण्याला अनाथ विद्यार्थी गृहात राहून शिकले. आणि १९२७ च्या विजयादशमीला पुणं सोडून सज्जनगडावर गेले. वय अठरा, अजून एकोणीस पुरं नाही. आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा एकटा बार्शीला निघाला तरी आपण दहा फोन करतो.

सज्जनगड आज आपण पाहतो तसा तेव्हा नव्हता. आज साताऱ्याहून गडाखाली गाडी जाते, वर जेवण मिळतं, भक्तनिवास आहे. शंभर वर्षांपूर्वी परळीच्या खोऱ्यातून पायवाटेनं चढायचं, संध्याकाळ झाली की खाली-वर करायचं नाही. साताऱ्याच्या पश्चिमेचा सह्याद्री म्हणजे पुढं कोयना आणि चांदोलीचं जंगल. आज तिथं सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. बिबट्या तर या डोंगरात आजही घराघराच्या मागं फिरतो. अशा गडावर स्वामींनी सेवेकरी म्हणून वर्षं काढली. पाणी भरणं, झाडलोट, जप, ध्यान. कसलं नाव नाही, कसला मान नाही.

गडावरून समर्थांच्या आज्ञेनं ते दक्षिणेकडे गेले. शिरसीजवळ शिगेहळ्ळीला शिवानंद स्वामींच्या सहवासात राहिले, आणि तिथंच १९४२ च्या विजयादशमीला त्यांनी संन्यास घेतला. इथून पुढं त्यांचं आयुष्य मलनाडाच्या जंगलात गेलं असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडच्या माणसाला मलनाड म्हणजे काय ते पटकन कळत नाही, म्हणून जरा सांगतो.

आपल्याकडं वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट तिकडं पडतो. आगुंबे म्हणून गाव आहे, तिथं सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने कपडा वाळत नाही. झाडी अशी की दुपारी बारालाही वाटेवर ऊन नाही. जमिनीवर जळवा. आमच्यापैकी तिघे तीन वर्षांपूर्वी कोडचाद्रीला गेले होते, पायाला तंबाखू आणि मीठ चोळूनसुद्धा संध्याकाळी प्रत्येकाच्या पायाला पाच-सात जळवा होत्याच. कोडचाद्री डोंगर १३४३ मीटर उंच, शिवमोग्गा जिल्ह्यात. पलीकडच्या उतारावर खाली कोल्लूरची मूकांबिका. वर सर्वज्ञपीठ आहे, आद्य शंकराचार्य इथं आले होते अशी परंपरा. तिथून खाली दाट झाडीत उतरत गेलं की चित्रमूळ नावाची कपार लागते. डोंगराच्या पोटातली जागा, बाजूनं पाणी झिरपतं. श्रीधर स्वामी तिथं तप करीत राहिले.

आता या जंगलात कोण कोण राहतं ते ऐका. वाघ आणि बिबट्या आहेतच. गवा आहे, आठ-नऊशे किलोचा. अस्वल. रानडुकरांचे कळप. आणि नागराज, ज्याला तिकडं काळिंग सर्प म्हणतात, माणसाच्या दुप्पट लांबीचा. त्याचं मुख्य अन्न म्हणजे दुसरे साप. माणसाला तो क्वचितच चावतो, पण चावला तर आपल्याकडं मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन त्याच्यावर चालत नाही. ही आजची गोष्ट. चाळीसच्या दशकात चित्रमुळाजवळ ना रस्ता, ना दवाखाना. जीप वरपर्यंत जायला लागली ती फार नंतर.

अशा ठिकाणी एक सडपातळ, कौपीन नेसलेला संन्यासी रात्री एकटा बसतो. हे चित्र डोळ्यासमोर आलं की पुढच्या कथा आपोआप तयार होतात, आणि झाल्याच. गुहेच्या तोंडाशी वाघ येऊन बसला आणि स्वामींना पाहून निघून गेला. कुणी म्हणतं वाघ नव्हे बिबट्या. कुणी सांगतं नाग अंगावरून गेला. आपल्या सत्संगातही या कथा आपण शेकडो वेळा सांगितल्या, ऐकल्या. आम्ही त्यांची परीक्षा घ्यायला बसलेलो नाही. ज्यांनी पाहिलं ते गेले. आम्हाला एवढंच दिसतं, की स्वामी त्या रानात राहिले आणि कुठल्याही जनावरानं त्यांना खाल्लं नाही. आणि त्यांनीही कुठल्या जनावराला त्रास दिला नाही.

हे दुसरं वाक्य आपण कथा सांगताना विसरतो.

तो काळ आठवा. वाघ मारणाऱ्याला सरकारातून बक्षीस मिळे. साहेब लोक, संस्थानिक, जमीनदार शिकारीला निघत, मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढीत. वाघ म्हणजे मारायचं जनावर, हे शहाण्या माणसांचं मत होतं. तेव्हा एक माणूस त्याच रानात बंदूक नाही, कुत्रा नाही, सोबती नाही असा जाऊन राहतो, आणि रान आपलं आहे तितकंच त्यांचंही आहे हे धरून चालतो. सन्याशाला हे नवीन नाही. संन्यास घेतानाच सर्व प्राणिमात्रांना अभय द्यायचं असतं, माझ्यापासून कुणाला भय नसो, असा तो संकल्प. लक्षात घ्या, अभय द्यायचं आहे. अभय मागायचं नाही. वाघाकडून मला भय नसो असं त्यात कुठं नाही. आम्हाला हा फरक फार उशिरा कळला.

जंगलाची माहिती असणारे सांगतात, की वाघ माणसाला टाळतो. अचानक समोरासमोर गाठ पडली, पिल्लं जवळ असली, शिकारीवर बसलेला असला, तर तो धोक्याचा. अस्वलाचं तर त्याहून वाईट, त्याला नीट दिसत नाही, दचकलं की सरळ अंगावर येतं. म्हणून मलनाडातली माणसं वाटेनं बोलत जातात, काठी आपटत जातात. एका जागी स्थिर, ठरल्या वेळी उठणारा, ठरल्या वाटेनं पाण्याला जाणारा माणूस आसपासच्या जनावरांना कळतो. ती आपली वाट बदलतात. एका तपस्व्याची दिनचर्या आणि रानात सुखरूप राहण्याची रीत यात फार अंतर नाही, असं आम्हाला वाटतं. कुणाला यात चमत्कार कमी झाल्यासारखं वाटलं तर क्षमा करावी. आम्हाला तो कमी झालेला वाटत नाही.

पुढं स्वामी फिरले फार. सज्जनगडाला ते विसरले नाहीत. १९५० साली गडावर समर्थ सेवा मंडळ त्यांच्याच प्रेरणेनं उभं राहिलं, आज आपण गडावर जेवतो-राहतो त्या व्यवस्थेमागं ते आहे. मराठी मुलुखात मराठीत, कर्नाटकात कानडीत त्यांनी लोकांना समजावलं. सीमेवरच्या माणसाला दोन भाषा म्हणजे दोन हात, त्यांनी दोन्ही वापरले. सागरजवळ वरदहळ्ळीला आश्रम झाला, तेच वरदपूर. तेही झाडीतच. १९६७ नंतर ते बहुतेक एकांतातच राहिले. १९ एप्रिल १९७३ रोजी तिथंच त्यांनी देह ठेवला. चैत्र वद्य द्वितीया.

इथं एक जोड आम्हाला अलीकडेच ध्यानात आली. त्याच १९७३ च्या १ एप्रिलला देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ ठिकाणांत कर्नाटकातलं बंडीपूर होतं. आदल्या वर्षीच्या गणतीत अख्ख्या देशात १८२७ वाघ उरले होते. वन्यजीव कायदाही त्या १९७२ चाच. म्हणजे वाघ वाचवायचा प्रकल्प सरकारनं सुरू केला आणि अठरा दिवसांनी स्वामी गेले. याचा त्याच्याशी काही संबंध आहे असं आम्ही म्हणत नाही, पण वाचल्यावर जरा वेळ गप्प बसलो. २०२२ च्या गणतीत एकट्या कर्नाटकात ५६३ वाघ निघाले.

आता गेल्या वर्षीचं.

गाणगापूरच्या वारीत आपला मुक्काम एका शेतवस्तीवर होता. तुरीचा हंगाम, चहूकडं तुरी उभ्या. पहाटे साडेचारला आपले एक ज्येष्ठ काका, नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही, तोंड धुवायला बांधावर गेले. हातात बॅटरी नव्हती, पायात चप्पल नव्हती. वारी अनवाणी, असा नेम. घोणशीनं घोट्याच्या वर धरलं.

काका परत आले, बसले, म्हणाले काहीतरी चावलं. पाय सुजायला लागला होता. आणि आपण काय केलं? आपण त्यांना मध्ये बसवून जप सुरू केला. एकानं दोरीनं पोटरी आवळली. दुसऱ्यानं जवळच्या गावात मंत्र घालणारा आहे म्हणून मोटारसायकल काढली. आदल्याच रात्री याच वस्तीवर आम्ही स्वामींच्या अंगावरून नाग गेल्याची कथा रंगवून सांगितली होती. काका स्वतःच म्हणत होते, मला काही होणार नाही. आणि आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की हे थांबवावं. अडीच तास गेले. शेवटी वस्तीवरच्या शेतकऱ्याची सून, जी आशा कार्यकर्ती आहे, ती आली आणि तिनं आम्हाला अक्षरशः ओरडून १०८ ला फोन लावला.

काका वाचले. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही आणि मूत्रपिंड बसतं. त्यांचं आठ वेळा डायलिसिस झालं. दोन महिने घरच्यांनी जे भोगलं ते त्यांनाच माहीत. काकूंनी आम्हाला एक शब्दही लावला नाही, ते आम्हाला जास्त लागलं.

डॉक्टर नंतर आम्हाला समजावत होते. देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा मोठा अभ्यास आहे, त्यातले बहुतेक खेड्यातले. बरेच जण घरी किंवा वाटेत जातात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच इंजेक्शन आहे आणि ते वेळेत मिळालं पाहिजे. कर्नाटक सरकारनं २०२४ पासून सर्पदंशाची प्रत्येक नोंद दवाखान्यानं कळवायची असा नियम केलाय. चावलेला पाय हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचा नाही, चिरायचा नाही, जोडवी-अंगठ्या-घड्याळ काढून ठेवायचं, किती वाजता चावलं ते लिहायचं, आणि माणसाला चालवत न नेता गाडीनं दवाखान्यात न्यायचं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. त्याच्या मागं लागून दुसरा माणूस चावून घेतो, असं ते म्हणाले.

हे ऐकताना आम्हाला चित्रमूळ आठवत होतं. ज्यांच्या नावानं आपण जप केला त्या स्वामींनी काकांना चिखलात बसवून ठेवा म्हणून कधी सांगितलं असतं? ज्या माणसाचं लहानपणीच घर मोडलं, आईवडील गेले, त्याला मरण म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नव्हती. ते रानात गेले ते स्वतःचा देह पणाला लावून. दुसऱ्याचा लावून नव्हे. आपण कथा त्यांची घेतली आणि पणाला काकांना लावलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण समितीनं ठरवलं की पत्रात लिहायचं. काकांनी स्वतः वाचून होकार दिला आहे.

म्हणून यंदा वारीचा अनवाणी नेम मुक्कामाच्या जागी सुटेल. चालताना ज्याला अनवाणी चालायचं त्यानं दिवसा, डांबरी रस्त्यावर चालावं. पहाटे आणि रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी, हा नियम सगळ्यांना. कडब्याच्या गंजीला, लाकडाच्या ढिगाला टेकून कुणी झोपायचं नाही, जमिनीवर अंथरुण टाकलं तर मच्छरदाणी खोचूनच, कारण मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा चावा पुष्कळदा कळतही नाही. वाटेत लांडगा-कोल्हा दिसला तर फोटोसाठी मागं धावायचं नाही. माळावर कळप असेल तर धनगराच्या कुत्र्यांपासून लांबून जावं, गेल्या दहा वर्षांत आपल्या वारीत लांडग्यानं कुणाला काही केलं नाही, कुत्री मात्र दोनदा चावली आहेत. संगमावर स्नानाला एकट्यानं अंधारात उतरायचं नाही. कुरवपूरला पुढं जाणाऱ्यांनी तर जास्तच, कृष्णेत मगरी आहेत, नावाडी सांगेल तिथंच पाण्यात जावं.

वाटेवर इंजेक्शन मिळणारे दवाखाने कुठले, त्याची यादी शेतवस्तीवरच्या त्याच ताईंनी करून दिली आहे. ती वेगळ्या संदेशात येईल, सर्वांनी फोनमध्ये जपून ठेवावी.

रात्रीच्या मुक्कामाला चरित्रकथन नेहमीप्रमाणे होईल. लाड चिंचोळी, सज्जनगड, शिगेहळ्ळी, कोडचाद्री, वरदपूर, सगळं सांगू. वाघाची कथाही सांगू, ती लोकांना हवी असते, आम्हालाही हवी असते. फक्त ती सांगून झाल्यावर दिवे मालवायच्या आधी प्रत्येकाची बॅटरी चालू आहे का, हे पाहिलं जाईल.

काका यंदा चालणार नाहीत. डॉक्टरांनी मनाई केली आहे. ते मागच्या टेम्पोत बसणार, औषधाची पेटी आणि पाण्याचे कॅन सांभाळायला. टेम्पोच्या काचेवर स्वामींचा फोटो लावायचं काम त्यांनी आत्ताच मागून घेतलंय.

नावं नोंदवायची ती येत्या रविवारपर्यंत.

॥ श्रीराम समर्थ ॥ 🙏